गार्डसाहेबांची लाल झेंडी

गार्डसाहेब खोट्या बापाला लाल झेंडी दाखवत. मला फेकायची सवय आहे हे अख्ख्या उज्जैनला माहीत आहे, पण ही गोष्ट फेकलेली नाही. रेल्वेतून रिटायर होताना त्यांनी दोन झेंड्या घरी आणल्या होत्या, एक लाल आणि एक हिरवी. माधव नगरातल्या आमच्या मराठी वाचक मंडळात ते दर रविवारी या झेंड्या एका कापडी पिशवीत घालून येत. कोणी कथा वाचायला लागलं आणि तिच्यातला बाप त्यांना पटला नाही, की कोपऱ्यातल्या खुर्चीतून लाल झेंडी वर जायची. ती दिसली की वाचणाऱ्याने थांबायचं आणि गार्डसाहेबांनी कारण सांगायचं, असा नियमच पडून गेला होता. हिरवी मात्र उघडलेली आम्ही कोणी पाहिली नव्हती. तिच्या घडीत एका चिमणीने तीन पिढ्या वाढवल्या, असं मी पाहुण्यांना सांगत असे.

कथेतल्या आईबद्दल त्यांची कधी तक्रार नसे. "आई कोणीही लिहितो, भिया," ते मला म्हणत; भिया म्हणजे आमच्याकडचा भैया. "बाप लिहायला बसले की सगळ्यांची गाडी आउटर सिग्नलला उभी. आपल्या गोष्टींतल्या बापाला दोनच कामं. एक तर तो खोकतो, नाहीतर पस्तावतो." एका प्राध्यापकांच्या कथेत बाप झोपलेल्या मुलाच्या अंगावर पांघरूण घालून डोळे पुसत होता. झेंडी गेली वर. "डोळे पुसायला तो अंधारात का आला? दिवसा काय ड्यूटी होती?" प्राध्यापक पुढे फ्रीगंजच्या बाजारात गार्डसाहेब दिसले की समोरच्या दुकानात शिरत. एकदा घाईत लेडीज टेलरकडे शिरले आणि बाहेर पडायची लाज वाटून ब्लाउजचं माप देऊन आले, ही पुरवणी माझी.

हे सगळं हसण्यावारी जात असे, पण गार्डसाहेबांच्या घरात कोणी हसत नव्हतं. त्यांचा एकुलता एक मुलगा मिलिंद रेल्वेच्या परीक्षेला बसला नाही. लेखक व्हायचं म्हणून पुण्याला निघून गेला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मुलांना गावोगाव पोचवलेला हा माणूस त्या दिवशी रजेवर असूनही मुलाला सोडायला स्टेशनवर गेला नाही. तेव्हापासून बापलेकांत सरळ बोलणं नव्हतं. मिलिंद दिवाळीला यायचा, दोघे समोरासमोर जेवायला बसायचे आणि गार्डसाहेब बायकोला, म्हणजे आमच्या काकूंना, सांगायचे, "त्याला विचार, भाजी वाढायची का." भाजी त्याच्या कोपरापाशीच असायची. तो आईला सांगायचा, "अण्णांना सांग, नको." काकू म्हणायच्या, मी बाई या घरातलं टेलिफोन एक्स्चेंज. म्हणताना हसायच्या, पण त्यांचा घास तसाच हातात राहिलेला मी पाहिला आहे.

अशात मिलिंदचं नाव मासिकांतून दिसायला लागलं आणि मंडळाचा सेक्रेटरी म्हणून मी त्याला कथा वाचायला बोलावलं. तो यायला कबूल झाला. मग बातमी फुटली की कथा बापावर आहे आणि त्यातला बाप रेल्वेत गार्ड आहे. झालं! ज्यांनी शाळा सुटल्यापासून पुस्तकाला हात लावला नव्हता तेसुद्धा जागा धरून ठेवायला सांगू लागले. मुलगा बापाचे वाभाडे काढणार आणि बाप भरसभेत झेंडी दाखवणार, यावर कोणाचं दुमत नव्हतं.

आदल्या संध्याकाळी काकूंनी मला घरी बोलावलं. सरबत पुढे ठेवलं आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "मिलिंद मला सांगून बसलाय. अण्णांनी उद्या चार लोकांत झेंडी दाखवली, तर तो परत या घरात पाऊल ठेवणार नाही. काही कर रे." मी म्हटलं, पिशवीच गायब करतो. त्या म्हणाल्या, मी सकाळीच गव्हाच्या कोठीत लपवली होती, दुपारी पाहिलं तर यांच्या उशाशी. मग मी शेजारच्या खोलीत जाऊन गार्डसाहेबांनाच गळ घातली, की उद्या एक दिवस झेंडी घरी राहू द्या. ते उशीचा अभ्रा बदलत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "मुलाची गाडी आहे म्हणून सिग्नल बदलत नसतो."

दुसऱ्या दिवशी सभागृहात सिंहस्थाची गर्दी. लोक खिडकीत बसले होते आणि एक जण पंख्याला लोंबकळत होता असं मला स्पष्ट आठवतं. गार्डसाहेब कोपऱ्यातल्या खुर्चीत, मांडीवर पिशवी. काकू पहिल्या रांगेत, पदराचं टोक मुठीत. मागे पोहे तयार होते, पण कोणाचं तिकडे लक्ष नव्हतं, आणि उज्जैनमध्ये असं सहसा होत नाही.

मिलिंद वाचू लागला. आवाज खालचा, मान कागदात. कथेतला मुलगा घर सोडून निघतो. बापाशी त्याचं वाजलेलं आहे. गाडी सुटायच्या बेताला बाप प्लॅटफॉर्मवर येतो, घरच्या कपड्यांत, धापा टाकत. मुलाच्या हातात शेवेचा पुडा देतो आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत रुमाल हलवत उभा राहतो. वाभाडे ऐकायला आलेली माणसं नाकं ओढायला लागली. काकूंची मूठ सैल झाली. आता टाळ्या पडणार, एवढ्यात कोपऱ्यात लाल झेंडी वर गेली.

मिलिंद थांबला. पंखासुद्धा थांबला असं वाटलं.

गार्डसाहेब उभे राहिले. "असं झालं नव्हतं," ते म्हणाले. "मी आलो नव्हतो. घरी मटार सोलत बसलो होतो. गाडीची शिट्टी ऐकली आणि सोलत राहिलो. हिला विचारा."

काकूंकडे कोणी पाहिलं नाही. मिलिंदने कागद खाली ठेवला आणि इतक्या वर्षांनी सरळ बापाकडे बघून बोलला. "माहीत आहे, अण्णा."

"मग झूठ का लिहिलंस?"

"मी दर वेळी खरंच लिहायला बसतो. पण लिहायला लागलो की तुम्ही स्टेशनवर येता. मी काय करू?"

गार्डसाहेब कितीतरी वेळ झेंडी धरून उभे होते. हात खाली येत नव्हता. मग त्यांनी ती घडी घालून पिशवीत ठेवली आणि माणसांतून वाट काढत निघून गेले. पोहे कोणी खाल्ले ते मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंना आणि मिलिंदला मी स्टेशनवर नेलं. गार्डसाहेबांच्या खोलीचं दार बंद होतं. काकूंनी बाहेरून हाक मारली, आत हालचाल झाली नाही. मिलिंद त्या दाराकडे बघत चपला घालत होता, त्या घालायला त्याला फार वेळ लागला. डब्यात चढताना त्याने आईच्या पायाला हात लावला, तेव्हा तिने विचारलं, "दिवाळीला?" त्याने दाराचा दांडा धरला. गाडी हलली.

प्लॅटफॉर्मच्या पार टोकाला, जिथे पत्र्याची शेड संपते, तिथे एक पांढरी आकृती उभी होती. गार्डसाहेब. अंगात नोकरीतला जुना पांढरा युनिफॉर्म, त्याची दोन बटणं पोटावर हार मानलेली. आणि हात पूर्ण ताठ करून धरलेली हिरवी झेंडी. चिमणी निघाली नाही, घडीच्या रेघा तेवढ्या पांढुरक्या पडल्या होत्या. मिलिंद दारात लटकून बघत होता. शेवटच्या डब्यातल्या तरुण गार्डने बुचकळ्यात पडून आपली झेंडी दाखवली आणि मग सलाम ठोकला. इंजिन ड्रायव्हरने खास दोन शिट्ट्या दिल्या असं मी सगळीकडे सांगतो. एक तरी नक्की दिली.

गाडी दिसेनाशी झाली तरी हात खाली आला नाही. काकू त्यांच्याजवळ जाऊन उभ्या राहिल्या. मग ते माझ्याकडे वळून म्हणाले, "भिया, त्याला कळव. रुमाल चूक आहे. गार्ड रुमाल हलवत नसतो."

"तुम्हीच कळवा की," मी म्हटलं.

त्यांनी काकूंकडे पाहिलं, काकूंनी ढगांकडे. खिशातून मोबाइल काढून ते बाकावर बसले आणि बराच वेळ नंबर शोधत राहिले.

त्यानंतर दोन दिवाळ्या मिलिंद आला. भाजी कोण कोणाला वाढायचं ते मला माहीत नाही, काकू एवढंच म्हणाल्या की एक्स्चेंज बंद पडलं. मग गार्डसाहेब गेले, दुपारी, वाचता वाचता, चष्मा नाकावर. क्षिप्राकाठी राम घाटावर विधी चालू असताना मिलिंदने माझ्याकडे त्यांची कापडी पिशवी दिली, मंडळात राहू दे म्हणून. आत फक्त लाल झेंडी होती. हिरवीचं मी विचारलं नाही.

यंदा त्याचं पुस्तक आलं. रविवारी ती कथा मीच वाचली. बाप धावत येतो तिथे मी सवयीने कोपऱ्यातल्या खुर्चीकडे बघून थांबलो. सगळेच तिकडे बघत होते. मग पुढे वाचलं. छापील गोष्टीत बाप उशिरा येतो, त्याच्या सदऱ्याला मटाराचं साल चिकटलेलं असतं आणि हातात हिरवी झेंडी असते. रुमाल कुठेच नाही.