आवाज आधी खाली

पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायला मी ज्या स्टुडिओत जाते, तिथले कुलकर्णीकाका माइकची केबल मिक्सरला जोडण्याआधी आवाज पार खाली आणतात. मग केबल बसवतात, मला दोन ओळी मोठ्याने वाचायला लावतात आणि आवाज फाटत असल्याचा लाल दिवा लागणार नाही इतपतच बटण हळूहळू वर नेतात. इतक्या वर्षांत एकदाही घाई नाही.

एकदा विचारलं तर म्हणाले, "चढ्या आवाजात जोडलं की स्पीकरला धक्का बसतो. आणि बारीक आवाज वाढवता येतो हो, फाटलेला सुधारत नाही."

भावाशी माझं वर्षभर बोलणं नव्हतं. काल फोन लावला. सुनावायचं बरंच ठरवलं होतं. पलीकडून "हं" आलं, तशी मला काकांची बोटं आठवली.

"जेवलास का?" मी विचारलं.