गेटचा डोळा

ताई गेल्यानंतर त्या गेटला कोणी हात लावला नव्हता. तिचं घर रोह्याला, धाटावच्या रस्त्यावर. मी पेणला राहते. दिवसकार्य उरकलं, पाहुणे गेले आणि भावोजी एकटे राहिले. गेट अर्धवट उघडं होतं. त्यातून ते अंग चोरून ये-जा करत. मला रोज फोन करून एकच विचारत, "ते थांबलं असतं का गो?"

शेवटी मीच पेणहून फोन करून गेट बसवणाऱ्या मेकॅनिकला बोलावलं आणि तो येणार त्या सकाळी एसटीने रोह्याला गेले.

भावोजींचे गुडघे दुखू लागले तेव्हा त्यांनी त्या सरकत्या लोखंडी गेटला मोटर बसवून घेतली होती. दोन्ही खांबांवर, खाली, एकेक डोळा. मधे कोणी आलं की गेट थांबायचं आणि मागे जायचं. दसऱ्याला, ज्यांच्या जिवावर घर चालतं त्या सगळ्यांची पूजा होते. मी त्या दिवशी तिथेच होते. ताईने मिक्सरला, शिलाई मशीनला, गाडीला हळदकुंकू लावलं आणि शेवटी गेटकडे वळली. मोटरच्या पेटीला माळ घातली, आणि खांबावरच्या काळ्या डोळ्यावर ओल्या कुंकवाचं बोट टेकवलं.

"त्याला कशाला?" भावोजी म्हणाले. "सासरा हाय काय तुझा?"

"तुमच्यापेक्षा बरा हाय. बटण दाबलं की हलतो तरी!"

मी पायरीवर बसून हसत होते.

संध्याकाळी गेट बंद होईना. बटण दाबलं की पेटीतून नुसता टक् आवाज यायचा. कुंकवाचा विचार आमच्यापैकी एकाच्याही मनात आला नाही. पूजेचं कुंकू पुसून काढायचं असतं, असं कोणाला वाटणार? भावोजींची उभी हयात कंपनीतली मशीनं दुरुस्त करण्यात गेली होती. "डोळा गेला त्याचा," ते म्हणाले. त्यांनी पेटी उघडली आणि डोळ्याकडून येणाऱ्या दोन तारा एकमेकींना जोडून टाकल्या. गेट निमूट बंद झालं. मधे कोणी आहे की नाही, हे आता त्याला कळणार नव्हतं. नवा डोळा दिवाळीनंतर आणू, असं ठरलं.

दिवाळीच्या आधीच ते घडलं. भावोजी बाजारातून आले, गाडी आत घेतली आणि सवयीने, मागे न बघता, बटण दाबलं. रुळात अडकलेली खडी काढायला ताई खांबाशी वाकली होती. खरखर ऐकू आली, पण ती नेहमीचीच. त्यांनी गाडी बंद केली, पिशव्या उतरवल्या, आणि मग तिला हाक मारली.

मेकॅनिकने आल्या आल्या पेटी उघडून जोडलेल्या तारा सोडवल्या. बटण दाबलं. गेट हललं नाही.

"बघ," भावोजी पटकन पुढे होत म्हणाले, "डोळाच गेलाय." इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांचा आवाज मोकळा झाला होता. माझ्याकडे वळून ते पुन्हा म्हणाले, "गेलाच होता तो."

मेकॅनिक उकिडवा बसला आणि ओल्या फडक्याने डोळा पुसू लागला. वाळलेलं कुंकू खपलीसारखं निघालं. त्याने पुन्हा बटण दाबलं. गेट निघालं. त्याने मधे फळी धरली. गेट थांबलं आणि मागे गेलं.

"चांगला हाय काका. नुसता पुसायला पायजे होता. महिन्यातून एकदा पुसत जा, फळी धरून बघत जा. आणि तारा कधी…" एवढं बोलल्यावर आपण कोणाच्या घरी उभे आहोत हे त्याच्या ध्यानात आलं असावं.

भावोजींनी त्याच्या हातातून रिमोट घेतला. ते चालत खांबापाशी गेले, रुळावर उभे राहिले आणि बटण दाबलं. गेट त्यांच्या दिशेने आलं, थांबलं, मागे गेलं. त्यांनी पुन्हा दाबलं.

"काका, असं नाय करायचं," मेकॅनिक ओरडला. "माणूस उभा करून नाय बघत!"

मी दंडाला धरून त्यांना ओढलं. ते हलले नाहीत.

"थांबतं गो," ते म्हणाले. "बघ ना. दर वेळी थांबतं."

आणि त्यांनी पुन्हा बटण दाबलं.