नऊ आडव्या रेघा

सहा वर्षांपूर्वीचा सप्टेंबर. मंगळवार, सकाळचे साडेअकरा. जागा अकोल्यातल्या एका कचेरीची बैठकीची खोली. हजर आम्ही पाच जण: आढावा घेणाऱ्या मॅडम, त्यांच्या कार्यालयातले दोघे, आमच्या संस्थेचे संचालक आणि मी. आकडा शून्य. तोही एकदा नाही, लागोपाठ नऊ दिवस.

एवढं लिहिलं आणि थांबलो. कारण यापुढचं माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेलं नाही. बायकोजवळ नाही, भावाजवळ नाही. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. ओळखीच्या माणसासमोर हे वाक्य दाताखाली अडकतं — कितीदा तरी अडकलं आहे.

आधी माझं काम सांगतो. अमरावतीत एक खाजगी संस्था आहे, तिथं मी आकडे पाहतो. हवामान बदलतं आहे, तर कोणत्या महसूल मंडळात उष्मा वाढला, कुठं एका दिवसात ढगफुटीसारखा पाऊस येऊ लागला, कुठं आधी पूल हवा, कुठं आधी सावली — असे जिल्ह्यांचे आराखडे आम्ही करून देतो. आराखड्यातली वाक्यं दुसरे लिहितात. वाक्यांच्या खाली जे आकडे असतात ते माझे. जुन्या नोंदवह्या घ्यायच्या, त्यांचे तक्ते करायचे, चुका शोधायच्या.

चुका शोधण्याबद्दल माझं नाव आहे. घरी त्यावरून चेष्टा होते. सिलिंडर लावला की मी त्यावर तारीख लिहितो. विजेचं मीटर दर पहिल्या तारखेला स्वतः वाचतो. मुलगी लहान असताना चहाचा कप पुढं करून विचारायची, "बाबा, आज किती मिलिलीटर?" तिला गणित शिकवताना मी एक गोष्ट पुन्हापुन्हा सांगायचो — उत्तर माहीत नसेल तर जागा रिकामी सोड, शून्य लिहू नकोस. शून्य हेसुद्धा एक उत्तर आहे.

हे मी सांगायचो. मीच.

मूर्तिजापूर तालुक्यातल्या एका गावात आमचा एक पर्जन्यमापक होता. गावाचं नाव लिहीत नाही. मापक शाळेच्या पटांगणात, आणि शाळा नाल्याच्या पलीकडे. मधे रपटा — म्हणजे नाल्यातूनच बांधलेला ठेंगणा सिमेंटचा रस्ता, पाणी चढलं की दिसेनासा होणारा. रोज सकाळी साडेआठला तिथं जाऊन मोजपात्रात पाणी ओतायचं, किती मिलिमीटर ते वाचायचं आणि नोंदवहीत लिहायचं, हे काम वासुदेवराव करत. पोस्टातून निवृत्त झालेले, गावच्याच डाकघरात आयुष्य काढलेले. मानधन थोडं होतं. पण त्यांची वही — अशी वही मी दुसरी पाहिली नाही. खाडाखोड नाही. एका वळणाचं अक्षर. शेवटच्या रकान्यात वाऱ्याची दिशा आणि कधीकधी एखादा शब्द: 'झड लागली', 'गारा, बोराएवढ्या'.

पहिल्या भेटीत त्यांनी मला ती वही वाचायला शिकवली होती. शिकवली हाच शब्द बरोबर आहे. म्हणाले, "मी शून्य लिवतच नाही, साहेब. पाऊस आलाच नाही त निरंक. अन् मी वाचलंच नसन त आडवी रेघ. दोन्ही येगयेगळं हाये. पाह्यजा बरं."

निरंक हा कचेरीतला शब्द. सांगण्यासारखं काही नाही, असा त्याचा अर्थ. आणि रेघ म्हणजे 'मला ठाऊक नाही'. हा फरक मी माझ्या डायरीत लिहून घेतला, खाली दोनदा रेघ मारली. ते पान अजून आहे. तेव्हा मला कळलं नव्हतं, असं म्हणायची सोय माझ्याकडे नाही.

त्या ऑगस्टात झड लागली. नाला चढला, रपट्याचा एक तुकडा वाहून गेला. आठ दिवस वासुदेवरावांना पलीकडे जाता आलं नाही. नवव्या दिवशी मांडीभर पाण्यातून गेले, तर मापक काठोकाठ भरून वरून पाणी सांडून गेलेलं. त्यांनी तो ओतला आणि त्या दिवशीही रेघच मारली. नऊ दिवस, नऊ रेघा. शेवटच्या रकान्यात: 'रपटा तुटला. वाचन नाही.' अंदाजानं एखादा आकडा टाकता आला असता. कुणी विचारलं नसतं.

वही माझ्याकडे आली शुक्रवारी दुपारी. मंगळवारी बैठक. टंकणाऱ्या मुलीनं रेघा तशाच्या तशा टंकल्या होत्या आणि तक्ता अडत होता, कारण त्याला आकडेच लागत. सगळ्या मंडळांच्या मिळून शेकडो रेघा. एकेक पाहायला दोन दिवस लागले असते. मी संगणकाला एक आज्ञा दिली — जिथं रेघ आहे तिथं शून्य. तक्ता चालू लागला. सोमवारी हे नीट करू, असं स्वतःशी म्हटलं. सोमवारी दुसरी कामं निघाली.

इथपर्यंत ती चूक होती. चूक कुणाच्याही हातून होते, असं तुम्ही म्हणाल. म्हणा — पण जरा थांबा.

बैठकीत मॅडमनी तक्त्यावर बोट ठेवलं. "शेजारच्या दोन्ही मंडळांत या दिवसांत जोरदार पाऊस आहे. इथे नऊ दिवस कोरडे कसे?"

मला लगेच कळलं. वहीचं ते पानच डोळ्यांसमोर आलं. संचालकांनी माझ्याकडे पाहिलं; आणखी दोन जिल्ह्यांचं काम आम्हाला मिळायचं की नाही, हे त्या खोलीत ठरत होतं. काय बोलायचं होतं मला? "माझी चूक झाली, मॅडम. ते शून्य नाही. दोन दिवस द्या." फार तर दहा-बारा शब्द. संचालक चिडले असते, मॅडमनी दोन दिवस दिले असते. त्या कडक होत्या, पण वाईट नव्हत्या.

मी म्हणालो, "तिथले निरीक्षक वयस्कर आहेत, मॅडम. पावसात न जाताच शून्य भरलं असावं."

असावं. माझा नेहमीचा शब्द तो. खात्री नसेल तिथं मी 'आहे' म्हणत नाही, 'असावं' म्हणतो, आणि लोक त्याचं कौतुक करतात — हा माणूस जपून बोलतो. त्या दिवशी मला पूर्ण खात्री होती की तसं नाही. तरी तोच जपलेला शब्द पुढं केला. नुसतं खोटं बोललो असतो तर कदाचित कुणी उलटून विचारलं असतं. 'असावं' म्हटल्यावर कुणी काही विचारलं नाही. बैठकीच्या इतिवृत्तात ते वाक्य 'असावं' गाळून लिहिलं गेलं.

पुढं जे व्हायचं ते सरळ झालं. त्या मंडळाची सगळीच नोंद अविश्वसनीय ठरली — वासुदेवरावांनी लिहिलेली सगळी वर्षं. तिच्या जागी आजूबाजूच्या मंडळांवरून काढलेला सरासरी अंदाज घातला. अंदाजात टोकाचा पाऊस राहत नाही, बोथट होतो. त्यामुळे अतिवृष्टीच्या कामांच्या यादीतून ते मंडळ गळलं, आणि उंच पुलाच्या प्रस्तावातून तो रपटाही. वासुदेवरावांना आमच्याच संस्थेचं पत्र गेलं की आपली सेवा थांबवण्यात येत आहे, कारण चुकीच्या नोंदी. त्या पत्राचा मसुदा माझ्या टेबलावरून गेला. मी त्यात एक शुद्धलेखनाची चूक दुरुस्त केली.

पंधरा दिवसांनी ते आले. सकाळच्या गाडीनं बडनेऱ्याला उतरून, तिथून ऑटोनं. धुतलेला पांढरा सदरा, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत आम्ही टंकून परत पाठवलेली वही. मी जिना उतरत होतो, ते चढत होते. पहिल्या मजल्यावर गाठ पडली. ती तशी योगायोगानं पडली, पण त्यांना तिथंच थांबवलं ते मी. वर गेले असते तर वही कुणीतरी उघडली असती.

ते रागावलेले नव्हते. पत्राची घडी उघडून म्हणाले, "मी शून्य कुठं लिवलं, थे फक्त दाखवा, साहेब. मंग मी जातो."

मी म्हणालो, काका, हे सगळं वरून झालं आहे, माझ्या हातात काही नाही.

त्यांनी जिन्याकडे मान वर करून पाहिलं. "वरून म्हंजे किती वरून? तुमचं हाफिस त दुसऱ्याच मजल्यावर हाये."

मी हसलो. खरंच हसलो — ते आठवलं की अजून कसंतरी होतं. खाली टपरीवर नेऊन त्यांना चहा पाजला. तब्येत विचारली. त्यांनी वही माझ्यापुढं ठेवली, नऊ रेघांच्या पानात पोस्टाचा जुना पिवळा कागद खुणेला घातलेला. म्हणाले, तुमच्या साहेबांना दाखवा, त्यांना समजेल. मी वही घेतली. त्यांना ऑटोत बसवून दिलं आणि वही माझ्या पिशवीत घालून घरी आणली. ती साहेबांकडे कधीच गेली नाही.

हिवाळ्यात मी मुख्य तक्त्यातल्या त्या नऊ शून्यांच्या जागा रिकाम्या केल्या. कुणाला न सांगता. आराखडा तोवर छापून झाला होता. मग केलं कशाला? आकडा चुकीचा राहिलेला मला पाहवत नाही, म्हणून. माणसाचं काय झालं ते मात्र सहा वर्षं पाहवलं.

गेल्या जुलैत मूर्तिजापूरला एक लग्न होतं. मनाशी ठरवून त्या गावी गेलो. रस्ताभर वाक्य जुळवत होतो. आदल्या दिवशी पाऊस पडून गेलेला. वासुदेवराव अंगणात छत्री हातात घेऊन निघायच्या तयारीत. मला पाहून खूश झाले. बायकोला हाक मारून सांगितलं, अमरावतीचे साहेब आले, चहा ठेव, आम्ही आलोच वाचन घेऊन.

अजून वाचता? मी विचारलं. म्हणाले, पाऊस थांबला का, मग वाचणं कावून थांबवायचं. साधी शंभर पानी वही होती हातात, स्वतः पट्टीनं आखलेली. आम्ही रपटा ओलांडला. तोच रपटा, तुटलेल्या जागी मुरूम टाकलेला, शाळेची दोन पोरं एकमेकांचा हात धरून त्यावरून येत होती. मापकाला गंज चढला होता. त्यांनी पाणी मोजपात्रात ओतलं, डोळ्यांजवळ नेलं, लांब नेलं, आणि माझ्या हातात दिलं. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, दुसऱ्याचं व्हायचं होतं.

"तुमी वाचा," म्हणाले.

मी पात्र डोळ्यांच्या रेषेत धरलं. सहा पूर्णांक चार. त्यांनी लिहिलं.

"तुम्ही बघत नाही एकदा?"

"तुमी वाचलं ना. आता काय पाहाचं त्यात."

हीच वेळ होती. तोंडही उघडलं होतं मी. तेवढ्यात तेच म्हणाले, अगदी सहज, टोपण लावता लावता. "थे नऊ दिवसाचे पैसे कापले तुमच्या हाफिसनं. बरोबरच हाये थे. मी वाचलंच नव्हतं त पैसे कायचे? पण शून्य कोनं लिवलं, थे काही मले अजून समजलं नाही. वही पाह्यली का मंग साहेबानं?"

मी म्हणालो, "पाहिली." आणि म्हणालो, "ते मशीननं झालं, काका."

त्यांनी थोडा विचार केला. "मशीनले काय ठाऊक रपटा हाये का नाही," म्हणाले, आणि पुढं चालू लागले. घरी चहा झाला. त्यांच्या बायकोनं मुलीसाठी पिशवीभर तुरीची डाळ बांधून दिली. ती मी घेतली. घरी ती शिजली आणि आम्ही खाल्ली. बायकोनं विचारलं, कुणी दिली? म्हटलं, कामातले एक ओळखीचे आहेत.

वही आत्ता माझ्यासमोर आहे. सहा वर्षं कपाटात, आयकराच्या फायलींखाली होती. पिवळा कागद होता तिथंच आहे. नऊ रेघा, सगळ्या सारख्या लांबीच्या. माहीत नाही, हे त्या माणसानं नऊ वेळा पट्टीनं आखून लिहिलं आहे. मला माहीत होतं, आणि मी त्याला शून्य म्हटलं.

देणं-घेणं शेवटी असं झालं. वासुदेवरावांना त्या ऑगस्टचं मानधन गेलं — एकतीस दिवसांतून नऊ वजा, बावीस दिवसांचं. मला पूर्ण महिन्याचा पगार मिळाला, आणि दिवाळीत आकड्यांच्या अचूकतेबद्दल एक प्रशस्तिपत्र. ते बायकोनं चौकटीत बसवून घरी दिवाणखान्यात लावलं आहे.