मास्तरांची कलती होडी

शिंपीमास्तरांनी दुकान मुलीच्या हवाली केलं, तेव्हा घरच्यांना वाटलं, आता हे जरा शांत बसतील. कुठलं काय! पुढच्या खोलीत त्यांनी होड्या बांधायला काढल्या. खेळण्यातल्या नव्हेत, चांगला एक माणूस बसेल अशा. बरं, पाण्याचं वेड म्हणावं तर त्यांना पोहताही येत नव्हतं. प्लायवूडच्या फळ्या तांब्याच्या तारेने टाचायच्या आणि सांध्यात राळ भरायची, की झाली होडी, असं कुणीतरी त्यांना सांगितलं. लाकूडही शिवता येतं म्हटल्यावर मास्तरांना कुठलं राहवतंय?

पहिली होडी बुडाली. सवयीने त्यांनी शिवणीत दोन बोटं माया सोडली होती, पुढेमागे उसवून मोठी करायला. त्या फटीत राळ काही टिकली नाही. शेजारचा सुतार पोट धरधरून हसला. "मास्तर, होडी काय अंगाने भरते होय?"

मास्तरांची बायको टपाल वाटायच्या नोकरीतून नुकतीच निवृत्त झाली होती. गल्ली तिला टपालबाईच म्हणायची. चहाच्या कपात भुसा सापडला त्या दिवशी तिचा पारा चढला.

"अहो, आता ही दुसरी सरळ तरंगली तर करा जन्मभर होड्या. नाहीतर खोली माझी, आणि हा पसारा भंगारात."

मास्तरांनी मान डोलावली खरी. हे गेलं तर सकाळी उठायचं कशासाठी?

दुसरी होडी तळ्यात सोडली तेव्हा आत थेंबभर पाणी आलं नाही. पण उजवीकडे कलली ती कललीच. सुतार म्हणाला, "दारूच्या दुकानातून घरी निघालेली दिसतेय!" मास्तर मात्र काठावर पालथे पडून होडीच्या बुडाकडे बघत बसले. पैज हरल्याचं वाईट वाटत होतंच, पण ही का कलते, हे कळल्याशिवाय त्यांना घास उतरणार नव्हता.

घरी आणून त्यांनी ती कापायच्या टेबलावर उपडी घातली आणि टेप लावली. उजवी बाजू अर्धं बोट कमी भरली. फळ्या ज्यावरून कापल्या ती कागदी बेतणी तपासली, तर दोन्ही बाजू सारख्या. म्हणजे चूक कागदाची नव्हती, हाताची होती. पण एवढी नेमकी चूक हाताला शिकवली कुणी? मास्तर खोलीत येरझाऱ्या घालू लागले. कोपऱ्यात बायकोचं अर्धवट शिवलेलं पोलकं पडलं होतं. त्यांनी सहज त्याच्या खांद्यांना टेप लावली आणि कपाळावर हात मारला.

"अगं, इकडे ये! सापडलं! हे तुझं माप आहे. तुझा उजवा खांदा उतरलाय ना, म्हणून मी ती बाजू अर्धं बोट खाली कापतो. हात तसाच चालला बघ."

टपालबाई दारातच थबकली. "माझा खांदा उतरलाय?"

"टपालाची थैली घ्यायला लागलीस तेव्हापासून."

"मला कधी दिसलं नाही ते."

"दिसेल कसं? कपडे कोण शिवतंय?"

ती आरशापुढे गेली, खांद्यावर हात ठेवून बराच वेळ उभी राहिली. डोळे भरून आले तेव्हा उगीचच भुशाला नावं ठेवत आत निघून गेली.

सकाळी तिनेच होडीचं एक टोक उचललं. "चला. माझं माप आहे ना, मग मीच बसून बघते."

तळ्यावर मास्तरांनी होडी धरली आणि ती बसली. उजव्या खांद्यावरचं ओझं सावरत चालून चालून तिला अंगाचा भार डावीकडे टाकायची सवय लागली होती. बसली तीही तशीच. मास्तरांनी हळूच हात सोडला. होडी एकदा डुलली आणि सरळ झाली. सुताराने वाकून दोन्ही बाजूंनी बघितलं.

मास्तर गुडघाभर पाण्यात उभे होते. "आता खोलीचं काय?" त्यांनी भीतभीत विचारलं.

टपालबाई वल्हं मारत थोडी पुढे गेली आणि मान वळवून म्हणाली, "ही तर माझी झाली. मी एकटीच फिरू का? स्वतःचं माप घ्या आता."