कच्चा माल

सीमेवरचा नाका उठला तेव्हा मामाने कारखान्यात पेढे वाटले. पूर्वी पेणहून बेळगावला गणपतीच्या मूर्ती घेऊन निघालेला ट्रक नाक्यावरच्या रांगेत दिवस-दीड दिवस उभा असायचा. आता कागद आधीच कॉम्प्युटरवर भरायचे आणि गाडी न थांबता पलीकडे. ते कागद इंग्रजीत होते, आणि आमच्या घरात इंग्रजी माध्यमात शिकलेली मी एकटी.

गाड्या सुटल्या, मी अडकले. ‘एवढा एक सीझन’ म्हणून मामाने बोलावलं होतं. तो तिसरा सीझन होता. रोज सकाळी आमच्या वरसेहून रोह्याला यायचं, एसटी पकडायची आणि पेणला उतरून कारखान्याच्या कोपऱ्यातल्या प्लायवूडच्या खोलीत बसायचं. बाहेर बायका मूर्तींना पॉलिश पेपर मारत. पांढरी धूळ की-बोर्डवर साचायची. त्या मला मॅडम म्हणत आणि आमच्या गणपतीचा पासपोर्ट झाला का, असं विचारून हसत. मीही हसायचे आणि खाली बघायचे.

त्या वर्षी नाशिकच्या एका प्रयोगशाळेने मला नोकरी देऊ केली होती. पंधरा दिवसांत हजर व्हायचं होतं. त्यातले नऊ गेले तरी मी मामाला सांगितलं नव्हतं. बसमध्ये गडब गावापर्यंत वाक्य जुळवायचे, पेण आलं की गिळून टाकायचे.

दहाव्या दिवशी एक गाडी भरली. फॉर्मवर मालाचं वर्णन लिहायचं होतं. मी खोलीतूनच मामाला विचारलं, काय जातंय? तो रंग ढवळत होता.

“कच्चा माल,” तो म्हणाला.

मी ‘रॉ मटेरियल’ असं लिहिलं.

पेणमध्ये रंग न दिलेल्या मूर्तींना कच्चा माल म्हणतात. हा शब्द मी तीन वर्षं रोज ऐकत होते. पण बेळगावला आजवर रंगवलेल्याच मूर्ती जायच्या. कच्च्यांची ही पहिली गाडी, आणि माझं लक्ष नाशिकमध्ये.

दुसऱ्या दिवशी दुपारी ड्रायव्हरचा फोन आला. सीमा ओलांडल्यावर तपासणी पथकाने गाडी बाजूला घेतली होती.

“ताई, साहेब इचारतात मातीच्या गोणी कुठं हायत. पेंढ्यात नुसते गणपतीच हायत, म्हणतात.”

मी फॉर्म उघडून पाहिला आणि चूक कळली. लिहायला लाज वाटते, पण हलकंही वाटलं. आता मामाच मला काढून टाकेल. मला काही बोलावं लागणार नाही.

साहेब फोनवर आले. त्यांना मराठी येत नव्हतं. बाहेरचे पॉलिश पेपर थांबले. मी हळू आवाजात इंग्रजीत सांगितलं की आमच्याकडे रंग न दिलेल्या मूर्तीला कच्ची म्हणतात.

“देव कच्चा असतो?” त्यांनी विचारलं.

“रंग देईपर्यंत,” मी म्हटलं.

ते हसले. नवा फॉर्म पाठवा, तोवर गाडी इथेच, म्हणाले. मी तो भरला, दोनदा वाचला, पाठवला. तासाभराने गाडी सुटली. मग उठून मामासमोर उभी राहिले.

“मामा, चूक माझी आहे. तू दुसरं कुणीतरी बघ.”

त्याने फडक्याला हात पुसले. “नाय गो. कच्चा माल मीच बोललो ना.” मग बायकांकडे वळून म्हणाला, “साहेबाशी इंग्रजीत बोलली. हिच्याशिवाय कोण बोललं असतं?”

कुणीच नाही, असं त्या सगळ्या म्हणाल्या. एकीने माझ्यासाठी चहा ओतला. तीन वर्षांत मामाने माझं पहिल्यांदा कौतुक केलं होतं, आणि त्या कौतुकातून बाहेर पडायला मला जागा दिसेना.

संध्याकाळी त्याने माझ्या खोलीत पंखा बसवून घेतला. चार दिवसांनी नाशिकची मुदत संपली. त्या दिवशी दोन गाड्या होत्या. मी पंख्याखाली बसून पहिल्या ड्रायव्हरला गाडीचा नंबर विचारला.