देवकीबाईचे राहिलेले शेवट

देवकीबाईने एकवीस वर्षं टॉकीजमध्ये नोकरी केली आणि त्या एकवीस वर्षांत एकही सिनेमा सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिला नाही. लोकांना हे खरं वाटायचं नाही. तिच्या भिलाईच्या सुनेलासुद्धा वाटायचं नाही. ती म्हणायची, "आत्या, तुम्ही तं रोज तीन-तीन खेळ पाहत असान."

देवकी मूळची कन्हानकडची. घरी शेती, आठ भावंडं. लग्न होऊन नागपुरात जुनी शुक्रवारीत आली. नवरा चंपतराव एका टॉकीजचं सायकल स्टँड सांभाळायचा. त्याच टॉकीजच्या मालकाला बायकांच्या दारावर एक भरवशाची बाई हवी होती. तिथं पुरुष डोअरकीपर ठेवला की घरंदाज बायका यायला कचरत. चंपतरावाने घरी विचारलं आणि देवकी दुसऱ्या दिवसापासून हातात बॅटरी घेऊन बाल्कनीतल्या लेडीज क्लासच्या, म्हणजे बायकांच्या राखीव जागेच्या, दाराच्या पडद्यापाशी उभी राहिली. हे साल होतं त्रेसष्ट.

काम वरवर सोपं होतं. तिकीट फाडायचं, अंधारात बॅटरी दाखवायची, जागेवरून भांडणं झाली तर मिटवायची. पण बायका लेकरं घेऊन यायच्या. सिनेमा ऐन रंगात आला की एखादं पोट्टं भोकाड पसरायचं, मग मागून पुरुषांचा आवाज उठायचा, "अरे, बाहेर काढा त्याले." आई बिचारी उठायची, पडद्याकडे वळून वळून पाहत बाहेर यायची. पहिल्याच आठवड्यात देवकीने एका बाईच्या हातून लेकरू घेतलं. "तुम्ही जा, पाहा. मी राखतो ह्याले," ती म्हणाली. तिच्याकडच्या बायका 'राखतो'च म्हणत. तेव्हापासून ते तिचंच काम होऊन बसलं. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी पगारात धरलंही नव्हतं.

बाहेरच्या बोळात ती लेकराला खांद्यावर टाकून फिरायची. आतलं बोलणं, रडणं, गाणी ऐकू यायची, दिसायचं काही नाही. आणि शेवटाला तर तिला दारं उघडायला खाली जावंच लागायचं. मग खेळ सुटून बाहेर पडणाऱ्या बायकांना ती विचारायची, "काय झालं वं शेवटी?" एक सांगायची, मेला. दुसरी सांगायची, नाही, वाचला. देवकी दोन्ही ऐकून आपल्या मनाने एक शेवट ठरवून टाकायची.

चौऱ्याऐंशीत मालकाने लेडीज क्लास मोडून सगळी बाल्कनी एक केली. देवकीबाई घरी बसली.

दोन वर्षांनी, जानेवारीत, ती सीताबर्डीवर बांगड्या घेत होती. शेजारी उभी असलेली पन्नाशीकडे झुकलेली बाई तिच्याकडे टक लावून पाहत होती.

"मावशी, तुम्ही टॉकीजमध्ये होत्या नं? लेडीजच्या दारावर?"

"होती. तुम्ही कोण जी?"

"मी पुष्पलता. तुम्ही नाही ओळखणार. माझी मुलगी सहा महिन्यांची होती, तुम्ही तिला दीड तास घेऊन फिरल्या होत्या." आणि तिने सिनेमाचं नाव सांगितलं.

देवकीबाईला बाईचा चेहरा आठवला नाही, पण सिनेमा लख्ख आठवला. "पिवळं टोपडं होतं पोट्टीले," ती म्हणाली. "इंटरव्हल झाला अन् जी रडाले लागली, ते कोर्टाचा सीन लागला तरी थांबली नाही. सिनेमातल्या त्या मायले तिचा पोरगा भेटला का नाही, ते मले आजपर्यंत माहीत नाही."

पुष्पलता बांगड्या विसरली. त्या वेळी तिच्या सासरी अठरा माणसं होती. दोन-तीन महिन्यांतून एकदा सिनेमाला जायला मिळायचं, तेही सासूच्या मर्जीने. "त्या तीन तासांवर मी पुढचे दिवस काढायची, मावशी," ती म्हणाली. "तुम्ही पोरगी घेतली नसती तर तेही गेले असते." मग तिने देवकीबाईचा हात धरला. "ती पोरगी, तारा, सध्या माहेरीच आहे. तिलाही आता बाळ आहे. येत्या शनिवारी तुम्ही आमच्याकडे यायचं. रविवार संपेपर्यंत सोडणार नाही."

देवकीबाईने आढेवेढे घेतले. पण शनिवारी दुपारी प्रतापनगरातून पुष्पलताचे यजमान गोपाळराव स्वतः रिक्षा घेऊन दारात हजर झाले. ते शाळेत ड्रॉइंग मास्तर होते, बोलायला कमी. चंपतराव म्हणाला, "जा वं. माझं जेवण मी पाहून घेतो."

रिक्षा थेट टॉकीजवर गेली, दुसऱ्या एका, नव्या. पुष्पलता आणि तारा बाळाला घेऊन तिथं उभ्या होत्या. तारा वाकून पाया पडली. पिवळ्या टोपड्यातली पोट्टी ती हीच, हे देवकीबाईला कितीतरी वेळ खरं वाटेना.

बाल्कनीत मऊ खुर्चीवर तिला मध्ये बसवलं. अंधार झाला तशी ती उगाच दाराकडे पाहू लागली. कोणी उशिरा आलं की तिचा हात बॅटरी शोधायचा. हळूहळू मात्र पडद्यावरच्या गोष्टीत तिचा जीव रमला. इंटरव्हल झाला, पुन्हा अंधार झाला, आणि नायिकेच्या घरी निरोप आला त्याच क्षणी ताराचं बाळ किंचाळून रडू लागलं.

देवकीबाई उठलीसुद्धा. हात पुढे केलेले होते.

तेवढ्यात पलीकडून गोपाळराव उठले. त्यांनी ताराच्या मांडीवरून बाळ उचललं आणि हळूच म्हणाले, "मावशी, बसा तुम्ही. त्या दिवशी मी खाली पुरुषांत बसून पूर्ण सिनेमा पाहिला होता. आज मला जाऊ द्या."

ते बाहेर गेले. देवकीबाई खाली बसली. पुढचा काही वेळ पडद्यावर काय झालं ते तिला नीट दिसलं नाही, डोळे भरून आले होते. पण शेवट तिने पाहिला. दिवे लागले, लोक उठले, दारं दुसऱ्या कोणीतरी उघडली, आणि तिला कुठेच धावायचं नव्हतं.

घरी गोपाळरावांनी व्हिडिओ भाड्याने आणून ठेवला होता. संध्याकाळी एक कॅसेट झाली. रविवारी सकाळी पोहे खाताना टीव्हीचे कार्यक्रम झाले. शेजारची दोन-तीन मंडळी येऊन सतरंजीवर बसली, उठून गेली, परत आली. स्वयंपाकाला देवकीबाई उठू लागली की तारा तिला खांद्यांना धरून परत बसवायची. "आजी, आज फक्त पाहायचं." दुपारी जेवणं झाल्यावर पुष्पलताने शेवटची कॅसेट काढली. तोच जुना सिनेमा. आठवडाभर दुकानं पालथी घालून तिने तो मिळवला होता.

देवकीबाई सरसावून बसली. अर्धा सिनेमा तिने कान देऊन ऐकलेला होता, आता त्या आवाजांना चेहरे मिळत होते. कोर्टाचा सीन आला. तो संपला. लहानपणी हरवलेला पोरगा मोठा वकील झाला होता, आई त्याच्यासमोर उभी होती, आणि लाइट गेली.

सगळे हळहळले. गोपाळराव फ्यूज पाहायला गेले. तारा म्हणाली, "आई, तू तर पाहिला आहेस. सांग पुढे."

"नाही सांगत," पुष्पलता म्हणाली. "मावशी सांगतील. त्यांनी काय ठरवलं होतं ते."

देवकीबाई लाजली. मग पदर सावरून सांगू लागली. "मंग ती माय म्हणते, पोरा, तुह्या पाठीवर डाग आहे का पाहू दे. तो सदरा वर करते. ती त्याले कवटाळते. तो तिले आपल्या घरी घेऊन जाते, अन् त्याची बायको ताट वाढते. बस, एवढंच. मी लेकरांना बोळात हेच सांगत फिरत होती."

तारा ऐकता ऐकता रडत होती आणि हसतही होती. अर्ध्या तासाने लाइट आली.

खरा शेवट तसा नव्हता. आईने पोराला ओळखलं. त्याला वाढवणारी म्हातारी मागे उभी होती, ती भेदरून पाहत होती. आईने काही सांगितलं नाही. "सुखी राहा, साहेब," एवढंच म्हणाली आणि कोर्टाच्या पायऱ्या उतरून गेली.

पुष्पलताने उठून टीव्ही बंद केला.

"आता समजलं," देवकीबाई म्हणाली. "त्या सिनेमाच्या दर खेळाले बाया बाहेर आल्या तं सगळ्या चूप होत्या. मी विचारून राहिली, पण एकीनंही सांगितलं नाही. मले वाटलं, मी गरीब डोअरकीपर, म्हणून बोलत नसतीन. मनात लागलं होतं मले ते." तिने टीव्हीकडे बोट दाखवलं. "कोणाच्यानं बोलणं होत नव्हतं. एवढंच होतं ते."

"तुमचा शेवट बरा होता, आजी," तारा म्हणाली.

"बरा होता. पण हा खरा आहे." तिने पुष्पलताच्या गुडघ्यावर हात ठेवला. "लय चांगलं केलं बाई तू, हे दाखवलं."

संध्याकाळी टीव्हीवरचा सिनेमाही झाला, पण तोवर बाळ देवकीबाईच्या मांडीवर झोपलं होतं आणि तिचं अर्धं लक्ष त्याच्याकडेच होतं. यावेळी कोणी ते उचललं नाही.

सोमवारी सकाळी गोपाळरावांनी तिला स्कूटरवरून घरी सोडलं. पिशवीत पुष्पलताने दिलेली साडी आणि बांधून दिलेली संत्री होती. चंपतराव ओट्यावर दाढी करत बसला होता.

"झाले का सिनेमे?" त्याने विचारलं.

"चार झाले," ती म्हणाली. चपला काढून त्याच्या शेजारी टेकली. तो एकवीस वर्षं बाहेर सायकली सांभाळत होता, त्यानेही कुठं काय पाहिलं होतं. "तोंड धुऊन घ्या. पहिल्यापासून सांगतो," ती म्हणाली, आणि त्याने वस्तरा खाली ठेवला.