दोन हातांत न मावलेला मासा

जगात जेवढे म्हणून मोठे मासे आहेत, ते सगळे एकदा तरी आमच्या साडूंच्या गळाला लागून सुटलेले आहेत. नाशिकजवळ मखमलाबादला त्यांची गुलाबाची शेती. पहाटे फुलं मार्केटला रवाना झाली की साडू धुतलेली टोपी घालून गंगापूर धरणाच्या पाण्यावर जाऊन बसतात. गळाला लावायच्या कणकेत ते साजूक तूप घालतात. "मासे म्हणजे व्याही," असं त्यांचं मत आहे, "मानपान केल्याबिगर येत नाय." पण घर पडलं माळकरी. मासा खायचा नाही की दारात आणायचा नाही. त्यामुळे काही सापडलंच तरी ते पाण्यात सोडून यावं लागतं आणि पुरावा म्हणून साडूंकडे स्वतःचे दोन हात तेवढे उरतात. ते पसरून ते सांगतात, "साडूभाऊ, एवढा होता! लय ताकद!" तेवढ्यात आमच्या ताई, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण आणि साडूंची बायको, चहाचा ट्रे घेऊन येतात. ट्रे खाली ठेवतात, नवऱ्याची दोन्ही मनगटं धरतात आणि हात जवळ आणून ठेवतात. हातभर मासा बघता बघता मिरचीएवढा उरतो. साडू चिडत नाहीत. "हिला एकदा डोळ्यांनी दाखवीन," एवढंच म्हणतात, आणि ते मात्र अगदी मनापासून म्हणतात.

गेल्या हिवाळ्यात आम्ही चौघं थायलंडला गेलो. लोक तिथे समुद्र बघतात, साडूंनी तळं शोधून काढलं. त्यात अरापैमा नावाचा, मूळचा ॲमेझॉन नदीतला, माणसाहून लांब मासा पाळलेला. पकडायचा, फोटो काढायचा आणि सोडून द्यायचा. "पाप नाय आणि पुरावा आहे," साडू हरखून म्हणाले. ताईंनी पर्समधून कुंकवाची पुडी काढून त्यांच्या खिशात घातली. मासा सोडताना रिकाम्या कपाळी सोडायचा नाही, अशी ताकीदही दिली.

सकाळ गेली, गळ हलला नाही. भूक लागली म्हणून आम्ही तिघं मागच्या शेडमध्ये जेवण सांगायला गेलो. तिथल्या भातावर माशाचं पाणी घालतात, हे ताईंना कळलं होतं. वाढणाऱ्या मुलीला त्या शुद्ध नाशिकच्या मराठीत समजावत होत्या, "अगं बाई, नुसता भात! मासा नको, मासा नको!" आणि नेमकी त्याच वेळी तळ्यावरून आरोळी आली, "आला! आला!"

आम्ही धावलो. बघतो तर साडू चपला काढून, डोळे मिटून, हात जोडून उभे. आणि गळाचा रॉड पाण्यावरून लांब लांब चाललेला. या माशाला हवेतला श्वास लागतो, तो घ्यायला तो म्हणे अगदी काठाशी वर आला होता. "एवढं मोठं तोंड समोर आलं न साडूभाऊ, साक्षात मत्स्यावतार! हात आपसूक जुळले." आता रॉड धरायला देवाने तिसरा हात दिलेला नाही, त्याला कोण काय करणार? तळ्यावरच्या माणसाला वाटलं, नमस्कार त्यालाच आहे. त्यानेही वाकून हात जोडले. मी पोट धरून हसलो. मग साडूंचा चेहरा दिसला आणि हसू आवरलं. परत येताना ते एकच वाक्य बोलले, "हिला दाखवायचा राहिला."

नाशिकला आल्यावर रविवारी सगळे साडूंच्या घरी जमले. "काय मग, काय गावलं तिकडं?" साडूंच्या पुतण्याने खोड काढलीच. साडूंनी हात उचलले, पण ते अर्ध्यातच थांबले. या वेळी त्यांनी स्वतःच मासा आखडता घेतला. ताई ट्रे घेऊन आल्या. ट्रे खाली ठेवला. आम्ही सगळे हसायच्या तयारीत बसलो. ताईंनी नवऱ्याची मनगटं धरली आणि हात जेवढे जातील तेवढे लांब नेले.

"याच्याहून मोठा होता," त्या म्हणाल्या. "मी होते ना तिथं."

कुणी हसलं नाही. साडू बराच वेळ तसेच हात पसरून बसले होते. त्यांचा चहा निवून गेला.

नंतर स्वयंपाकघरात माझ्या बायकोने विचारलं, "ताई, तू तर आमच्याबरोबर भातापाशी होतीस. मासा कधी पाहिलास?"

"मासा कुठं पाहिला मी!" ताई कप विसळत म्हणाल्या. "ह्यांचं तोंड पाहिलं. लहान मासा गेला तर तसं होत नाय माणसाचं."